अर्जांची रांग

जेवून पडवीत आडवी होते तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झालेली असतात. उशाशी एक कागद आहे. माघारीचा अर्ज. खाली सहीची जागा मोकळी. अडीचला धाकटे दीर, संपतभाऊजी, गाडी घेऊन येतील आणि मला तहसील कचेरीत नेतील. तिथं तीन वाजेपर्यंतच अर्ज मागे घेता येतो.

गावानं ठरवलंय, निवडणूक बिनविरोध करायची. बिनविरोध म्हणजे भांडण नको, आणि मीही नको. आमच्या वॉर्डात दोनच अर्ज आहेत, सरपंचांच्या सुनेचा आणि माझा. मी मागे घेतला की मतदानच नाही. आळीतल्या बायकांनी मला उभं केलं. आता त्यांनाच सांगायचं, घरी बसा गं.

डोळा लागत नाही. सकाळभर चालवलेल्या गिरणीचा पट्टा कानात फिरत राहतो. मग तो रुळांवरून गाडी गेल्यासारखा वाजू लागतो. पायाशी कुणीतरी बसून पायपट्ट्या सोडतंय.

"आज्जा?"

माझ्या वडिलांचा बाप, सिदू. त्याला जाऊन सव्वीस वर्षं झाली. तो पलटणीत होता. महायुद्ध संपलं तेव्हा हरलेल्या जपानवर पहारा ठेवायला इंग्रजांनी त्याला पाठवलं. माहेरी अजूनही आमच्या घराला जपान्याचं घर म्हणतात.

"दुपारची लोळतीस व्हय गं, शालन?"

"इचार करतीय."

"लोळून?"

तो उठून चालू लागतो. मी मागे. पडवीची पायरी उतरते तर पाय विटांच्या तुकड्यांवर पडतो. आमची आळी नाही. शहर आहे, पण भिंती कमरेएवढ्याच. बायकांची एक लांब ओळ एकमेकींच्या हातात वीट देतेय. वीट घ्यायची, झाडायची, पुढे द्यायची. कोपऱ्यावर एक माणूस शिपायाच्या लोखंडी टोपीला दांडा ठोकून पातेलं करतोय. तोफा बनवणाऱ्या कारखान्याच्या दारात आता कढया रचल्यात.

"जिंकलं कोण, आज्जा?"

"आमी."

"मग घाई यांना का एवढी?"

"आमाला परत जायाचं व्हतं. त्यास्नी हितंच ऱ्हायाचं व्हतं." तो खाकरतो. "पुढं वीस वर्सांनी बांदावर बसून म्या रेडू ऐकायचो. त्यावर नाव त्यांच्याच कारखान्याचं."

हे मला ठाऊक आहे. लहानपणी शंभरदा ऐकलंय, टोप्यांच्या पातेल्यांसकट. पण आज तो हसत नाही.

आम्ही शाळेत असतो. अर्धं छप्पर उडालेलं. भिंतीवर एक चौकोन बाकीच्या भिंतीहून उजळ आहे. तिथं राजाचा फोटो होता, आज्जा म्हणतो, उतरवला. टेबलावर पेटी. दाराबाहेर रांग. माणसं आत येतात, कागदावर काहीतरी लिहितात, पेटीत टाकतात आणि आज्जापुढे वाकून जातात. भिंतीवरचं घड्याळ आमच्या पडवीतलं आहे. दोनला पाच कमी.

"मला उशीर होतोय, आज्जा."

"मला बी झाला. ऐक." बंदूक त्याच्या हातात कधी आली ते मला दिसलं नाही. "मला वाटलं, अर्ज हायत."

"कसले?"

"तांदळाचे. मानसं उपाशी व्हती. आपल्या चावडीत बघितल्यालं, मानूस कागद आनतो, वाकतो, देतो. हे बी तसंच. म्हनलं, जिकलेल्याकडं मागत्यात. छाती फुगली माझी."

"मग?"

"दुपार टळली. एक बाई आली, पाठीला लेकरू बांधल्यालं. लांबनं चालत आल्याली, पाय धुळीनं पांढरं. तिची पाळी आली न् म्या बंदूक आडवी धरली. म्हनलं, बास. उद्या या. हातानं दावलं, उद्या."

"आणि ती?"

"वाकली. गेली."

बाहेर विटा सरकल्याचा आवाज येत राहतो.

"सांच्याला साहेबानं सांगितलं, सिदू, ते मत हाय. बायकांना तितं नुकतंच मिळाल्यालं." त्याचा आवाज बारीक होतो. "उद्या नव्हतंच गं, शालन."

"तुला कसं कळावं? तुला तरी कुठं होतं मत?"

"नव्हतं. म्हनून तर."

"कधी बोलला नाहीस."

"चांगलं सांगन्यासारखं लई व्हतं. तेच सांगत ऱ्हायलो."

मी चिडून वळते. वळते तर दारात मी एकटीच उभी. आज्जा मागे भिंतीला टेकलेला, हात रिकामे. माझ्या दोन्ही हातांत माघारीचा अर्ज आहे आणि मी तो दारात आडवा धरलाय. समोर ती बाई. पाठीवर लेकरू, पाय पांढरे. तिच्या मागे आमच्या आळीतल्या बाया, कपाळापर्यंत पदर घेतलेल्या, एकीमागे एक. ती बाई माझ्यापुढे वाकायला लागते.

"वाकू नका," मी ओरडते. आवाज निघत नाही. "आज्जा, काय करू?"

"मला इचारू नगंस. म्या एकदा सांगून बसलोय."

घड्याळ ठोके देऊ लागतं. कागद खाली करायचा तर हात जड, कोपरापर्यंत मुंग्या. मी दात आवळते. एक हात सुटतो. कागद लोंबतो. बाई सरळ होते, माझ्याकडे बघते. मुठीतून बोटाएवढी पेन्सिल काढून टोक जिभेला लावते, टोक जांभळं होतं. मग ती पेन्सिल मला देते. मीही तिच्यासारखंच करते. कडू जहर. ती माझ्या खांद्याला घासून आत जाते.

हॉर्न.

दोन पस्तीस. भाऊजी पायरीवर, किल्ली बोटात फिरवत. "वहिनी, झाली ना सही? चला, पंचवीस मिनिटं राहिलीत. सगळे तिथं ताटकळलेत."

उठून बसते. हाताला अजून मुंग्या आहेत.

"मी येत नाही, भाऊजी. अर्ज राहू दे."

"राहू दे म्हणजे?"

"म्हणजे मतदान होऊ दे. पडले तर पडले."

किल्ली थांबते. मला वाटतं आता हे गावाच्या अब्रूचं काढतील, दादाचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, नाव मध्ये आणतील. पण ते माझ्या तोंडाकडेच बघत राहतात.

"वहिनी, जांभळं खाल्लीत का काय?"

पौष चालू आहे. जांभळीला अजून मोहोर नाही. मी बोट जिभेवरून फिरवते आणि उजेडात धरते.