इसाकभाईंचं खोडरबर

इसाकभाई मुजावर कॉम्प्युटर दुरुस्त करायला यायचे, पण आल्या आल्या त्याला हात लावायचे नाहीत. खुर्ची ओढून बाजूला बसायचे आणि म्हणायचे, "तुमी रोजचं काम करा. मी नुसता बघतो." गिऱ्हाईक घाईत असो की चिडलेलं, आधी काम करून दाखवावंच लागे. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी शाळकरी पोरांचं खोडरबर. ते कशाला, हे कळायला माझाच कॉम्प्युटर अडून बसावा लागला.

सांगलीत घरच्या घरी लग्नाच्या निमंत्रणपत्रिका टाइप करून मांडून द्यायचा, छापखान्याच्या भाषेत जुळवायचा, माझा धंदा. कॉम्प्युटर चौदा वर्षांचा. गेल्या लग्नसराईत त्यानं असा काही संप पुकारला, की एक नाव टाइप करून चहाला आधण ठेवून यावं, तेव्हा कुठं ते पडद्यावर उमटायचं. एका दुकानदारानं न बघताच सांगितलं, "भंगारात घाला, नवीन घ्या." घेतलाही असता. पण माझ्या सगळ्या पत्रिका जुन्या मराठी टायपातल्या. नव्या मशीनवर तो टाइप चालत नाही, नावांच्या जागी नुसत्या काड्या आणि फुल्या दिसतात. त्या पत्रिका गेल्या तर धंदा बंद करून पोळ्या लाटायची वेळ आली असती, आणि माझ्या पोळ्या कुणी विकत घेतल्या नसत्या. म्हणून मशीनची रॅम, म्हणजे कामापुरती स्मृती, वाढवून बघायचं ठरवलं आणि शेजारणीनं दिलेल्या नंबरवर इसाकभाईंना फोन केला.

ते येऊन बसले. मी एका पत्रिकेसाठी त्याच भावकीच्या नऊ जुन्या पत्रिका उघडल्या.

"नऊ कशाला, ताई?"

"कुणाचं नाव कुणाच्या वर, ते बघायला. मागं एका धाकट्या चुलत्याचं नाव थोरल्याच्या वर गेलं. थोरले लग्नाला आले, पण अक्षता पडेपर्यंत मांडवाकडं पाठ करून बसले. ती पत्रिका मीच जुळवली होती."

इसाकभाई पोट धरून हसले. मग म्हणाले, "आमचे थोरले भाईजान मिरजेत हायत. दुकानाच्या वाटणीवरनं आठ वर्षं झाली, बोलणं न्हाई. त्यांच्या पोराच्या लग्नालाबी आमी गेलो न्हाई. पत्रिकेत आपलं नाव नसणारच, मग कशाला जायचं?" हसण्यावारी नेलं त्यांनी आणि खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"मशीनला रॅम दोनच जीबी दिसतीय," ते म्हणाले. "तुमच्या नऊ भावक्या त्यात मावत न्हाईत."

"मग आठ घाला की," मी ऐटीत म्हटलं.

"आवं ताई, तुमच्या ह्या जुन्या विंडोजला चारच्या वर दिसतच न्हाई. उगं घालून काय करायची?"

त्यांनी कॉम्प्युटरचा डबा उघडला. आत रॅमच्या दोन पट्ट्या होत्या आणि त्यातली एक मशीनला दिसतच नव्हती. इसाकभाईंनी ती काढली, खिशातलं खोडरबर घेऊन तिची काळपटलेली सोनेरी कड हलक्या हातानं घासली, फुंकर मारली आणि परत बसवली. मशीन चालू केलं तर चार जीबी! नऊच्या नऊ पत्रिका धडाधड उघडल्या आणि मी लहान पोरीसारख्या टाळ्या वाजवल्या. वर्षभर मी अर्ध्या ताकदीच्या मशीनला शिव्या देत होते.

"मला एखादी नवी पट्टी विकली असती, तरी कळलं नसतं," मी म्हटलं.

"लागली असती तर इकली असती. न लागणारी वस्तू इकली की झोप उडती, आन मला झोप लय प्यारी हाय."

दोन महिन्यांनी ते गिऱ्हाईक म्हणून आले. मुलीचं लग्न ठरलं होतं, स्थळ साताऱ्याचं. मी खुर्ची पुढं केली. "बसा. आता तुम्ही काम करा, मी नुसती बघते. आणलेल्या यादीतली सगळी नावं मोठ्यानं वाचा."

त्यांनी वाचली. मामा झाले, साडू झाले, शेजारीसुद्धा झाले. थोरल्या भावाचं नाव काही येईना. मला राहवेना. मी जुन्या फायलींत मुजावर, मिरज असं शोधलं. चार वर्षांपूर्वी त्यांच्या पुतण्याची पत्रिका माझ्याकडंच झाली होती, तेव्हा इसाकभाईंची ओळख नव्हती. ती उघडली. मुलाच्या वडिलांच्या नावाखाली पहिलंच नाव होतं, इसाकभाई मुजावर.

ते पडद्यावर वाकले. "ही आली हुती घरी," हळूच म्हणाले. "मी पाकीट फोडलंच न्हाई."

त्यांनी खिशातलं खोडरबर काढलं, बोटांत फिरवलं, परत ठेवलं. "ताई, भाईजानचं नाव सगळ्यात वर घ्या. माझ्याबी वर."

लग्नाला मी आवर्जून गेले. मांडवाच्या दारात इसाकभाईंच्याच नाकाचे एक म्हातारे गृहस्थ पाहुण्यांना हाताला धरून आत नेत होते. मी पत्रिका जुळवणारी, असं सांगितल्यावर ते खूश झाले.

"पत्रिका द्यायला इसाक सोता आला हुता," ते म्हणाले. "आठ वर्षांनी. मी म्हटलं, ठेव तिथं. तर हा बाबा खुर्ची ओढून बसला आन म्हणतो कसा, 'भाईजान, तुमी फोडून वाचा. मी नुसता बघतो.'"