काहीच न दाबणाऱ्यांचे फोन

बोटींची इंजिनं विकणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या मालवणच्या एका दुकानात आम्ही तिघी फोनवर बसतो. मालकांनी नवी यंत्रणा बसवली, तेव्हा रेकॉर्डिंगला माझा आवाज घेतला. नव्या इंजिनासाठी एक दाबा, सुट्या भागांसाठी दोन, दुरुस्तीसाठी तीन. जो आकडा दाबाल, त्या कामाच्या मुलीकडे फोन जाणार. काहीच दाबलं नाही, तर माझा आवाज तेच पुन्हा म्हणणार आणि फोन कट. तेव्हा मी काय मिरवले होते!

पण आमच्या किनाऱ्यावर फोन करायची रीत वेगळी. आधी आपण कोण, कोणाचे ते सांगायचं, मग घरची चौकशी, मग काम. समोरचं माणूस बोलत असताना मध्येच बटणं कोण दाबतो?

तारकर्लीसमोर बाबांची होडी बंद पडली, तेव्हा त्यांनी दुकानाला फोन लावला. कानावर लेकीचा आवाज आला आणि त्यांनी त्या आवाजाला सगळं सांगून टाकलं. फोन कट झाला, तर त्यांना वाटलं, पोरगी माणूस पाठवायच्या घाईत आहे. म्हणून दुसऱ्या कोणाला फोनच केला नाही. वारा वाढला, नांगर धरेना, होडी बाहेर बाहेर जाऊ लागली. संध्याकाळी परतणाऱ्या एका ट्रॉलरने त्यांना ओढून आणलं.

घरी आल्यावर ते एवढंच म्हणाले, "तुका सगळा सांगलंय मगे मी. तू आयकलंस नि गप झालंस."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. मी आधी रडले, मग माझं डोकं सटकलं. सकाळी मालकांसमोर उभी राहिले. "जो काहीच दाबणार नाही, त्याचा फोन तोडायचा नाही. माझ्याकडे वळवा."

"अगं, अर्धा तालुका काहीच दाबत नाही. जेवायला उसंत मिळणार नाही तुला."

"नको मिळू दे. नाहीतर माझा आवाज काढा, आणि मलाही काढा."

मालकांनी कुरकुरत यंत्रणावाल्यांना फोन लावला. तिकडच्या रेकॉर्डिंगमधल्या बाईने त्यांनाही आकडे दाबायला लावले. त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पण काम झालं.

आता दिवसभर माझाच फोन वाजतो. डबा अर्धा राहतो, घसा बसतो. दोघी मैत्रिणी म्हणतात, थोडे आमच्याकडे दे. मी देत नाही. हट्ट म्हणा हवं तर.

बाबांचाही फोन येतो. आधी रेकॉर्डिंगमधली मी बोलते, मग खरी मी हॅलो म्हणते. ते लगेच काही सांगत नाहीत. आधी सावधपणे विचारतात, "तुझ्या आवशीन आज काय रांधल्यान?"

"आईने बांगड्याचा तिखला केलाय, बाबा."

तेव्हा कुठे ते इंजिनाचं सांगायला लागतात.