चार कप्प्यांचा समुद्र

नाशिकच्या मुलांना समुद्र कळावा म्हणून मी तो शाळेच्या भूगोलाच्या खोलीत, एका काचेच्या कपाटात भरला होता. वरच्या कप्प्यात खडकाळ किनारा, त्याखाली वाळू, मग खाडीचा चिखल आणि तळाशी भूखंडमंच, म्हणजे खोल समुद्र लागेपर्यंत हळूहळू उतरत जाणारा तळ. ज्या कप्प्यात जो अधिवास, तिथलेच शंख. वर माझ्या वळणदार अक्षरात पाटी : 'किनाऱ्यावर सापडलेले रिकामे शंख.'

त्यातला एकही रिकामा नव्हता.

रिकामे शंख किनाऱ्यावर मिळतात, पण झिजलेले, भोकं पडलेले. चांगल्या घरात कोणीतरी राहत असतं, हे मला नोकरीच्या गावी भाड्याची खोली शोधताना कळलं होतं. तरी दर हिवाळ्यात सहल डहाणूकडे न्यायची, ओहोटीच्या खडकांवर मुलांना उभं करून 'बघा, इथे कोण कोण राहतं' असं तळमळीने शिकवायचं आणि धडा संपला की शंख वेचायला पिशव्या वाटायच्या, खोल पाण्यातले कोळ्यांच्या जाळ्यातून घ्यायचे, हा माझा क्रम.

घरी ते शंख आंघोळीच्या पाण्याच्या पातेल्यात उकळायचे. एकदा बायको ओरडली, "अहो, हा चालतोय!"

"चालू दे. उकळी आली की थांबेल."

शेजारीण दारातूनच नाक दाबून विचारायची, "वहिनी, तुमच्या ह्यांनी माळ घातलीये ना?" माळ होतीच. आम्ही खात थोडेच होतो! आतलं मांस टाचणीने काढून फेकायचो, वरून व्हार्निश मारायचो. त्या कपाटाबद्दल मला निसर्गप्रेमी शिक्षक म्हणून शालही मिळाली.

मी निवृत्त झाल्यावर बऱ्याच वर्षांनी, गेल्या महिन्यात, शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई घरी आल्या. माझ्याच विद्यार्थिनी, सहलीत सर्वात जड पिशवी त्यांची असायची. त्या खोलीचा 'सागर संवर्धन कक्ष' करून त्याला माझं नाव द्यायचं ठरलं होतं. मी म्हटलं, "आधी कपाटावरची पाटी बदला. लिहा : जिवंत उकळून मारलेले."

"सर, काहीतरीच काय! उद्घाटनाला पालक येणार."

"मग नाव नको."

"दारावरची पाटी रंगवून झालीये, सर."

बायको चहा घेऊन आली. "लिहा हो," ती बाईंना म्हणाली. "तो वास माझ्या पातेल्यातून अजून गेला नाही."

बाईंनी बराच विचार केला. आपली ती पिशवी त्यांना आठवली असावी. शेवटी म्हणाल्या, "सर, 'मृत शंख' लिहिते. खोटंही नाही आणि कुणाला टोचणारही नाही."

मी वाद घातला, हरलो. उद्घाटन झालं, टाळ्या वाजल्या. आता कपाटावर 'मृत शंख' आहे आणि दारावर माझं नाव. आधी दार, मग कपाट अशा क्रमाने कोणी वाचलं, तर कोणी मारले आणि कोण मेले, ही नोंद बरोबर आहे.