अण्णांच्या गाडीचा काटा

माझे वडील, अण्णा, चालू इंजिनालाच पुन्हा स्टार्टर मारायला लागले, तेव्हा काय काय करायचं ते लिहायला मी वही काढली. पहिली ओळ: कानाचे डॉक्टर. कानाला यंत्र बसलं, गाडी चालवायला हरकत नाही असंही डॉक्टर म्हणाले. पण नव्या गाडीचं इंजिन इतक्या हळू आवाजात चालतं की यंत्र लावूनही अण्णांना ते कळेना. गिअर ते जन्मभर आवाजावर बदलत आले. मलाही तसंच शिकवलं. एका सकाळी त्यांनी चावी माझ्या हातात ठेवली.

"तूच चालव आता. मह्या हातून गाडी खराब होऊन राह्यली."

दुसरी ओळ: इंजिनाचे फेरे दाखवणारा मीटर. आमच्या स्वस्तातल्या मॉडेलला तो नव्हता. पण जुनी गाडी विकताना अण्णांनी तिचा मीटर काढून ठेवला होता.

परतूरच्या इलेक्ट्रिशियनने तो नव्या इंजिनाच्या कॉम्प्युटरला जोडला. काटा हललाच नाही.

"ताई, याला जुन्या गाडीच्या कॉईलच्या जोरदार झटक्याची सवय. कॉम्प्युटर लई हळू सिग्नल देतो," तो ओरडून म्हणाला, अण्णांनाही कळावं म्हणून.

"मंग ह्यो बी मह्यासारखाच," अण्णा हसले.

मधे एका रिलेची कॉईल टाकून त्याने झटका वाढवला. काटा उठला, पण खऱ्या फेऱ्यांच्या पाऊणपटच दाखवू लागला. मीटर चार सिलिंडरच्या हिशेबाचा, आमचं इंजिन तीन सिलिंडरचं.

"बराबर करायला आणखी एक सर्किट लागंल. आठ दिवस द्या."

मी लिहून घेतलं. अण्णांनी माझी वही मिटली.

"आकडा कशाला पाह्यजे? गिअर कव्हा बदलायचा तेवढं सांग. तुला ऐकू येतं ना?"

गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर मी त्यांना पुन्हा स्टिअरिंगवर बसवलं. काटा उठला की स्टार्टर सोडायचा, हे पहिल्याच वेळी जमलं. आवाज चढला की मी त्यांच्या खांद्यावर थाप मारायची, त्यांनी काटा कुठे आहे ते पाहून गिअर बदलायचा. तीनदा असं केल्यावर त्यांनी गाडी थांबवली आणि थापेच्या वेळी काटा जिथे असायचा तिथे, माझ्या पर्समधल्या नेलपॉलिशचा एक लाल ठिपका मीटरच्या काचेवर दिला.

परत येताना मी थाप मारायला हात उचलला, तोवर गिअर बदललेला होता.

घरी आल्यावर इंजिन बंद करून काटा शून्यावर येईपर्यंत अण्णा पाहत राहिले. मग चावी काढून त्यांनी आपल्या खिशात टाकली. वहीतली सर्किटची ओळ अजून तशीच आहे.