चार बोटं दुमड

माझ्या मुलीला चौथीच्या वर्गाबाहेर तीन तास उभं केलं, कारण तिचा फ्रॉक तिच्या आजीने शिवला होता. मी हे असंच सांगते, कारण शाळेच्या चिठ्ठीत ते फार सभ्य भाषेत लिहिलं होतं: ‘विद्यार्थिनीने अनधिकृत गणवेश परिधान केला आहे.’ अनधिकृत म्हणे! लालबागमध्ये अनधिकृत काय काय उभं आहे ते मला माहीत आहे, आणि त्याला कुणी हात लावत नाही.

आई तीस वर्षं आमच्या चाळीत गणवेश शिवत होती. बाबांची गिरणी गेल्यावर घर त्याच मशीनवर चाललं, मी बी.कॉम.ही त्यावरच झाले. तिची एक रीत होती. फ्रॉकला खाली चार बोटं कापड आत दुमडायचं, बाजूच्या शिलाईतही थोडी माया ठेवायची, म्हणजे पुढे उसवून वाढवता येतं. जूनमध्ये मुलगी उंच होऊन आली की आई एक बोट दुमड सोडायची आणि इस्त्री फिरवून द्यायची. एक फ्रॉक तीन वर्षं जायचा. त्या सोडण्याचे पैसे ती घेत नसे. पोर वाढलं यात पोराचा काय गुन्हा, म्हणायची.

मग शाळेने एका दुकानाला मक्ता दिला. चौकडीचं कापड फक्त त्यांच्याकडे, बोधचिन्हाचा खिसा फक्त त्यांच्याकडे, भाव दुप्पट. आणि दुमड किती, तर नखभर. पोरगी जरा वाढली की नवा घ्या. आईची गिऱ्हाइकं एका जूनमध्ये बंद झाली. आता ती साड्यांना फॉल लावते.

यंदा मुलीचा फ्रॉक गुडघ्यांवर गेला, तेव्हा आईने वरच्या मजल्यावरच्या मोठ्या मुलींचे दोन जुने फ्रॉक मागून आणले, उसवले आणि त्यांतून एक बेतला. कापड शाळेचं, खिसाही शाळेचा. कुणाला कळणार नाही, म्हणाली. मलाही तसंच वाटलं. पण हाताची सवय जाते थोडीच? तिने खाली चार बोटं दुमड ठेवली. सोमवारी वर्गशिक्षिकेने फ्रॉकची कड उलटून पाहिली आणि मुलगी पकडली गेली.

मी अर्धी रजा टाकून शाळेत गेले. मुख्याध्यापिकाबाईंनी आधी पाणी दिलं, मग समजावलं की गणवेश समानतेसाठी असतो, गरीब-श्रीमंत कळू नये म्हणून. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, तीन तास बाहेर उभी केलीत, तेव्हा सगळ्या मजल्याला कळलं की कोण गरीब ते. त्या म्हणाल्या, नियम सगळ्यांना सारखाच आहे.

मी गिरगावात एका वकिलांकडे टायपिस्ट आहे. बाजारातली स्पर्धा कुणी मारू नये म्हणून कायदा आहे, त्याची कामं आमच्याकडे येतात. एक मोठी कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीच्या नावाने रडते आणि मी ते रडणं सुबक टाइप करते. सरांना विचारलं, हा कायदा आमच्या शाळेला लागतो का? सर म्हणाले, तक्रार कुणीही करू शकतं, पण आधी बाजार कुठला ते ठरवावं लागेल. समोरचा वकील म्हणेल, मुंबईत शाळा काय एकच आहे? पटत नसेल तर मुलीला दुसरीकडे घाला.

आमचा बाजार केवढा ते मला विचारा. सहा वर्षांच्या पोरीला आजीचा हात धरून चालत जाता येईल, एवढा. एकदा पहिलीत नाव घातलं की तोही संपला. शाळा बदलायला साबणाची वडी आहे का ती?

जेवणाच्या सुट्टीत मी तक्रारीचा अर्ज टाइप केला. फाटकापाशी सगळ्या आयांनी माना डोलावल्या, दुकानाला शिव्या घातल्या, पण सहीसाठी पेन काढलं तर एकीच्याही हाताला वेळ नव्हता. बोलाचीच कढी. त्यांचाही राग आला, पण त्यांची पोरं त्याच वर्गांत बसतात.

शेवटी वर्गशिक्षिकेला परळला तिच्या घराखाली गाठलं. भांडायलाच गेले होते. विचारलं, कापड शाळेचं, खिसा शाळेचा, मग तुम्हाला कळलं कसं?

तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाली, “काकींची दुमड आहे ती. मी सातवीपर्यंत तीच घातली.”

ती सांगत राहिली: दर सोमवारी तपासणी, दुकानातून खरेदीची यादी येते, यादीत नाव नसलेल्या मुलींचे फ्रॉक तिला तपासावे लागतात, तिची नोकरी अकरा महिन्यांच्या करारावर. सही तिनेही नाही केली. मी तिला नको ते बोलले आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. पण तो राग काही तिच्या एकटीवरचा नव्हता. आईने ज्यांना पोटाला चिमटा काढून कापड वाढवून दिलं, त्यांच्यातलीच एक आता ते हुडकायला नेमली होती.

आईला सगळं सांगितलं. वाटलं, रडेल. तिने फॉलची सुई साडीत टोचून ठेवली.

“कोण गो ती? घारी, उंच? तिचो फ्रॉक दर वर्साक सोडूचो लागायचो.” मग हात पुढे केला. “दे हय तो कागद. सही खय करू?”

अर्ज आईच्या नावाने दिल्लीला, स्पर्धेचा कायदा बघणाऱ्या आयोगाकडे गेला. सर म्हणतात, वर्ष-दोन वर्षं धरून चाल. मुलगी आता दुकानाचा नवा फ्रॉक घालून जाते, वर्गात बसते. परवा धुवायला टाकताना आईने तो उलटा करून पाहिला. गुडघे आत्ताच दिसायला लागलेत, आणि खाली सोडायला काही नाही.