सासूबाईंच्या माहेरची ओहोटी

महाडला आमच्या घरात एकच कलासमीक्षक आहे, ती म्हणजे माझी सासू. बिरवाडीच्या कारखान्यांच्या भिंतींवर मी वर्षानुवर्षं कवट्या आणि त्यांच्याखाली आडवी हाडं रंगवत आलो. 'धोका' हा शब्द माझ्याइतका सुबक तालुक्यात कोणी लिहीत नाही. सासूबाईंच्या लेखी मात्र हे काम नव्हे. "आमचे जावईबापू भुतं काढतात," असं त्या भेटायला येणाऱ्यांना चहाबरोबर सांगतात.

गेल्या दिवाळीत त्या न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण पुन्हा पायांवर उभं राहणं कठीण, असं डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं. त्यांना कोणी सांगितलं नाही, तरी त्यांना कळलं होतं. पंधरा दिवस त्या कोणावर ओरडल्या नाहीत, तेव्हा मी खरोखर घाबरलो. मग एका सकाळी छताकडे बघत म्हणाल्या, "एकदा माहेर बघायचं राहिलं."

त्यांचं माहेर खाडीच्या तोंडाशी, समुद्राला चिकटलेलं. तिथे खाडीचे फाटे सरळ गावात शिरतात. आपल्याकडे दारात मोटारसायकल उभी असते, तशी तिथे परसदारी होडी. बायकोने मोबाईलवर गावाचे फोटो दाखवले, तर त्यांनी तोंड फिरवलं. "एवढंसं माहेर नको मला. नि बोट लागलं की पळतंय."

"मी मोठं काढून आणतो, समोरच्या भिंतीवर लावू," मी बोलून बसलो. बायकोने माझ्याकडे पाहिलं, पण आता माघार घेणं शक्य नव्हतं.

पहिल्या एसटीने निघालो. दहाच्या सुमारास पोचलो, तेव्हा गाव काठोकाठ भरलेलं होतं. हिरवं पाणी, त्यात डुलणाऱ्या होड्या, घरांच्या पायऱ्या अर्ध्या बुडालेल्या. इतकं आयतं चित्र मला आयुष्यात मिळालं नव्हतं. सासूबाईंच्या घरामागच्या पायरीवर सोबत आणलेला रंगवायचा फळा मांडला, पेन्सिलने घरं आखली, आभाळ रंगवलं. पाण्याला हात घालणार, तोच मामेसासरे, म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ, धावत आले.

"जावई पायरीवं बसलाय? गाव शेण घालील आमच्या तोंडात!"

त्यांनी फळा काढून घेतला आणि मला पाटावर बसवलं. शेजारच्या घरात ताजी कोलंबी शिजत होती, तिचा वास येत होता, आणि माझ्या ताटात कोंबडी-वडे. मासळी रोजचीच, जावयाला ती कशी वाढायची? चौथा वडा नको म्हटलं, तर मामेसासऱ्यांचा चेहरा पडला, म्हणून पाचवाही खाल्ला. मग टॉवेल, टोपी, नारळ. मग "जरा लवंडा". लवंडलो आणि चक्क घोरलो.

तीन वाजता पायरीवर आलो, तर पाणी गायब. नुसता काळा चिखल, त्यात होड्या कुशीवर पडलेल्या, आणि वास असा की सकाळचं आभाळही मला खोटं वाटू लागलं. मी उमरठकडच्या डोंगरातला माणूस. पाणी वरून खाली जातं आणि बंधाऱ्याच्या फळ्या काढल्या की संपतं, एवढंच माझं शिक्षण. मी मोठ्याने विचारलं, "पाणी कोणी सोडलं?"

आसपासच्या चार घरांतून बायका बाहेर आल्या आणि पोट धरधरून हसल्या. मामेसासरे मात्र जावयाची लाज राखत म्हणाले, "येल परत, राती. ऱ्हावा की!"

माझी शेवटची एसटी पाचची होती. दुसऱ्या दिवशी कारखान्यात तीन कवट्या माझी वाट बघत होत्या. शिव्या घालत मी चिखल रंगवला. वड्यांना, टोपीला, चंद्राला, सगळ्यांना शिव्या. आठवणीतून पाणी काढता आलं असतं, पण माझ्या हातचं पाणी गटारासारखं दिसतं, हे मला पक्कं ठाऊक आहे.

सकाळी चित्र खाटेसमोर धरलं. या बाईला उरलेलं आयुष्य हेच बघत पडायचं होतं, आणि मी तिच्यासाठी चिखल आणला होता.

सासूबाईंनी विचारलं, "पानी कुठं हाय?"

"जेवायला बसलो आणि गेलं."

त्या हसल्या. पडल्यापासून पहिल्यांदा. मग म्हणाल्या, "बरं झालं. भरतीचं पानी बाप्यांचं. होड्या घेऊन जायचे, आमी घरात. ओव्हटी लागली की आमी पोरी सुटायचो. गुडघ्यापतुर चिखलात, तिसऱ्यांच्या शिंपल्या काढायला. आई हाका मारून मरायची, पन तिथवर कोन येतंय?"

मग बोट लांब करून त्यांनी होडीपलीकडची रिकामी जागा दाखवली. "हितं मला काढा. उभी काढा."

मी ब्रश काढायला वळलो. तिकडे तोंड करूनच धंद्याचं बोललो, "एवढ्या चिखलात पाय दिसणार नाहीत हं."

"नाय दिसले तरी चालतील," सासूबाई म्हणाल्या. "उभी हाय म्हंजे पाय असनारच की."