चुकार नळ्यांचा डबा

प्रयोगशाळेच्या गोठणखोलीची किल्ली सत्तावीस वर्षं गारठेकाकांच्या कमरेला होती. हे त्यांचं आडनाव नव्हे. पण फ्रीजरांपुढे भर उन्हाळ्यात स्वेटर घालून उभ्या राहणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? ज्या नळीतलं रक्त चाचणीत विचित्र वागे, तिच्यावर 'खराब' असा शेरा पडे. ती टाकून द्यायची सोडून काका तळकप्प्यातल्या एका डब्यात ठेवत.

"काका, या चुकारांना पेन्शन देणार का?" सहकारी विचारत.

"वेगळं वागली म्हणून नळी खोटी ठरत नाही," काका म्हणत.

अशातच त्यांचे थोरले भाऊ, निवृत्त ट्रकचालक दादा, मरणाच्या दारातून परतले होते. ताप घरात तिघांना आला. वहिनी दोन दिवस शिंकल्या, नातीचं नाक गळलं, आणि दादा अकरा दिवस ऑक्सिजनवर.

"विषाणू शिरला की पेशी इंटरफेरॉन नावाचं प्रथिन सोडून शेजारणींना सावध करतात," प्रयोगशाळेच्या डॉक्टरीणबाईंनी दादांचं रक्त तपासून घरी येऊन त्यांना समजावलं. "तुमच्या रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडीज, त्या इंटरफेरॉनलाच धरून गप्प बसवतात. आजारपणात तयार झाली असतील, तर कदाचित विरतील. आधीपासून असतील, तर पुढच्या तापात पहिल्याच दिवशी औषध सुरू करावं लागेल."

"आजार झाला, संपला," दादांनी हात झटकला. "सोमवारी मी मित्राचा ट्रक घेऊन महिनाभर निघतोय."

"आणि वाटेत पुन्हा ताप आला तर?" वहिनींनी विचारलं.

"तुझा फोन आला की उतरेल."

काका ताडकन उठले. नऊ वर्षांपूर्वी एका चाचणीला निरोगी माणसं कमी पडत होती, तेव्हा त्यांनी दादांनाच ओढत आणलं होतं. आणि दादांची नळी खराब ठरली होती!

ते जवळजवळ धावतच गोठणखोलीत पोचले. डबा बर्फात घट्ट रुतलेला. जाड हातमोजे, दोन हिसके, आणि दादांची नळी हातात आली.

तीन दिवसांनी चाचणीची तबकडी समोर आली; तिच्या एकेका खाचेत पेशी आणि एकेका माणसाचं रक्त. जगलेल्या पेशी निळ्या रंगतात. इंटरफेरॉन आणि विषाणू सगळ्याच खाचांत घातले होते; इतरांच्या खाचा निळ्याशार, दादांच्या जुन्या रक्ताची कोरी. त्याच रक्तातली प्रतिपिंडं गाळून ते दुसऱ्या खाचेत घातलं होतं; ती मात्र निळी.

"नऊ वर्षांपासून आहेत," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. "नळी खराब नव्हतीच, काका."

घरी दादांनी तबकडीचा फोटो बराच वेळ न्याहाळला.

"म्हणजे माझ्याच गाडीतला माणूस माझ्या हॉर्नची वायर कापून बसलाय. आणि मी रस्ता मोकळा समजून चालवतोय."

"बरोबर समजलात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

दादांनी मित्राला फोन लावला. "सोमवारी दुसरा ड्रायव्हर बघ रे." मग ते काकांकडे वळले. "अशी माणसं आणखी असतील?"

काकांनी कमरेची किल्ली चाचपली.

"डब्यात अजून छत्तीस नळ्या आहेत, दादा."

डॉक्टरीणबाई केव्हाच दाराशी जाऊन उभ्या होत्या. "चला ना मग, काका."